पुराआधी ठेवलेलं पस्तान

घर सोडताना माणूस बरोबर काय घेतो, यावरून त्याचं खरं चारित्र्य कळतं.

हे वाक्य माझं आहे, पण माझ्या तोंडून ते कुणी ऐकलेलं नाही. आमच्या कॉलनीत आपत्ती व्यवस्थापनाचं शिबिर झालं, तेव्हा प्रमुख पाहुण्यांच्या भाषणासाठी मी ते लिहून दिलं होतं. वाक्य संपल्यावर टाळ्यांना जागा ठेवावी म्हणून कागदावर दोन उभ्या रेघाही मारल्या होत्या. पाहुणे त्या रेघांपाशी इमानेइतबारे थांबले. टाळ्या आल्या नाहीत, कारण नेमका तेव्हाच चहा आला.

माझी सगळी नोकरी परभणीत, विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात गेली. शेतकऱ्यांसाठी किडींवरच्या घडीपत्रिका तपासणं हे माझं काम, आणि येणाऱ्याजाणाऱ्या पाहुण्यांची भाषणं लिहून देणं हे गळ्यात पडलेलं काम. निवृत्तीनंतर किडी सुटल्या, पाहुणे सुटले नाहीत.

शिबिर मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात होतं. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग सत्कार, मग ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार. टेबलावर नमुन्याची लाल पिशवी ठेवली होती. संकटात घर सोडायची वेळ आली तर उचलून निघायचं, अशी. एक हार उरला होता, तो कुणीतरी तिला घातला. फीत आणायची राहून गेल्यामुळं पाहुण्यांनी पिशवीची चेन उघडून उद्घाटन करावं असं ठरलं. चेन अर्ध्यात अडकली. उद्घाटन झाल्याचं तेवढ्यावरच जाहीर झालं.

उरलेला वेळ शिकवायला आलेल्या मुलीला मिळाला. तिनं घाईघाईत, पण नीट सांगितलं. माणशी एक पिशवी. एका हातात उचलेल एवढीच. पाणी, टिकणारं खाणं, बॅटरी, शिट्टी, औषधं, कागदपत्रांच्या झेरॉक्स, एक जोड कपडे, पांघरूण. पिशवी दाराजवळ ठेवायची, आतलं पाणी अधूनमधून बदलायचं. "आणि निघायला सांगितलं की निघायचं. कुणाची वाट बघत बसायचं नाही," ती म्हणाली.

मग तिनं शंका विचारायला सांगितलं. एका बाईंनी विचारलं, "दागिने आत ठिवायचे का आंगावर घालायचे?"

"शक्यतो दागिने नकोतच बरोबर."

"म्हंजे चोरासाठी घरात ठिवून जायचे," बाई शेजारणीला म्हणाल्या.

कॉलनीच्या टोकाला मोकळ्या प्लॉटवर शेळ्या-मेंढ्या घेऊन एक कुटुंब उतरलं होतं. त्यातले म्हातारबुवा खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "म्याडम, आमची शेरडं कोंच्या कप्प्यात घालावी?"

सगळे हसले. मुलगीही हसली. तिच्याकडं उत्तर नव्हतं आणि असल्याचं सोंग तिनं केलं नाही. त्या व्यासपीठावर हे त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं.

मला मात्र ती पिशवी पुरापेक्षा पुण्यासाठी हवी होती.

माझी बायको पुण्याला मुलीच्या बाळंतपणाला गेली, ती सव्वा महिन्याचं सांगून. बाळ आता शाळेत जातं, सव्वा महिना अजून चालू आहे. आमचं भांडण झालेलं नाही, हे इथंच सांगून टाकतो, कारण कॉलनीत तशी शंका आहे. मुलगी आणि जावई दोघंही नोकरीला जातात, पोराला बघायला घरात माणूस लागतं, आणि त्या कामाला माझी बायको माझ्यापेक्षा कितीतरी बरी. मी अधूनमधून जाऊन येतो. तिथं माझी एक खुर्ची ठरलेली आहे. ती खिडकीजवळ आहे, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते.

मुलीचं म्हणणं होतं की परभणीचं घर विकावं आणि मी तिकडं यावं. गिऱ्हाईकही तयार होतं. मी म्हणायचो, जागा चांगली आहे, पाण्याची टाकी मोठी आहे, एवढ्यात कशाला. खरं कारण वेगळं होतं आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पोरगं मोठं होईल, त्याला आजी लागेनाशी होईल, मग ती परत येईल, असं मी धरून चाललो होतो. घर असलं तर येईल. घरच नसलं तर येणार कुठं?

त्यात मागल्या पावसाळ्यात कॉलनीमागच्या ओढ्याचं पाणी खालच्या गल्लीत शिरलं, आणि मी ते फोनवर बातमी म्हणून सांगून बसलो. एरवी उन्हाळ्यात तिथं ओढा आहे हे नव्या माणसाला सांगावं लागतं. तोवर मुलगी म्हणायची, "बाबा, काही झालं तर?" आणि मी म्हणायचो, "काय होणार?" आता काय होणार ते मीच तिला पुरवलं होतं. बरीच बोलाचाली होऊन शेवटी असं ठरलं की दसऱ्यापर्यंत बघायचं. मी एकटा नीट राहतो, वेळ आली तर आपला आपण नीट बाहेर पडतो, असं दिसलं तर घर राहील. नाहीतर दसऱ्याला सौदा.

शिबिराचं ऐकल्यावर बायको म्हणाली, "मग ती पिशवी भरा आधी. आणि मला व्हिडिओवर दाखवा."

मी पिशवी भरायला घेतली. आयुष्यभर वाचनात गेल्यामुळं घर सोडणारी पुष्कळ माणसं माझ्या ओळखीची होती. कुणी मूठभर माती घेतं, कुणी देव घेतं, कुणी काहीच न घेता मागं वळून बघतं. आधार कार्डाची झेरॉक्स घेतलेलं कुणी आठवेना. वाङ्मय या बाबतीत फारसं उपयोगी नाही, असं माझं मत झालं आणि मी बाजारात गेलो.

शिट्टी खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळाली. दुकानदारानं विचारलं, "कोंत्या शाळेवर हायत सर?"

"कुठल्याच नाही."

"मग शिट्टी?"

"पुरात अडकलो तर वाजवायला."

त्यानं माझ्याकडं जरा आदरानं बघितलं. "मग दोन घ्या की. एखादी हरपती."

"माणशी एक सांगितलीय," मी म्हणालो.

संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी ती वाजवून बघितली. अडकलेल्या माणसाच्या मानानं मी बरीच जोरात वाजवली. समोरच्या घरातून बाईंचा आवाज आला, "अगं, ग्यास बारीक कर, कुकर व्हायलाय!" बाकी कुणी वर बघितलं नाही. शिट्टी मी पिशवीत ठेवून दिली.

व्हिडिओवर बायकोनं पिशवी तपासली. मी एकेक वस्तू फोनसमोर धरत होतो आणि ती मान हलवत होती किंवा हलवत नव्हती.

"चादर कोणती घेतली?"

"निळी."

"ती जाड आहे. धुतली तर वाळत नाही. पातळ घ्या."

"पुरात चादर कोण धुणार?"

"धुतली नाही तरी भिजेलच ना. खोबरेल तेल?"

"पुरात?"

"ओल्यात राहिलं की चिखल्या होतात तुम्हाला पायाला. करंगळीच्या बाजूनं सुरू होतं."

मला हे आठवत नव्हतं. ती पुण्यात बसून होती आणि माझ्या पायाची कुठली बेचकी आधी उलते ते तिला माहीत होतं. मी तेलाची छोटी बाटली भरून घेतली. मागून मुलगी म्हणाली, "छान झालंय बाबा," आणि पोरगं म्हणालं, "आबा कुठं चालले?" मग त्याला शाळेच्या बसला सोडायचं होतं म्हणून फोन बंद झाला.

पिशवी शिकवल्याप्रमाणं दाराजवळ ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातले गृहस्थ पेपर वाचायला आले. त्यांची शेती झरीला आहे; मुलांच्या शिक्षणासाठी परभणीत घर बांधलं आणि स्वतः रोज मोटारसायकलवर शेतात जातात. जाण्याआधी माझा पेपर वाचतात. मधलं पान मला कधीच सरळ मिळत नाही, पण त्यांच्यामुळं माझ्या घरात रोज सकाळी दुसऱ्या माणसाचा आवाज होतो.

"कुठं निघालात सर?" त्यांनी पिशवी बघून विचारलं.

"कुठं नाही. पूर आला तर निघायचं."

"यायलाय का?"

"अजून नाही."

"मग बरंय," म्हणून त्यांनी पेपर उघडला. पण तेवढ्यात त्यांना चहाला बोलवायला त्यांच्या घरच्या आल्या आणि उंबऱ्याजवळच थबकल्या.

"आवं सर, भरल्याली पिशवी अशी दारात ठिवत न्हाईत. घरातलं माणूस निघालं म्हणत्यात. आन् तुमच्या घरात हायच एक माणूस."

"वहिनी, शिबिरात तसंच सांगितलंय."

"तिला लेकराला काय कळतंय. बरं, मला सांगा, पूर काय कॅलेंडर बघून येतो का? समजा आमुशालाच आला. तवा पाय भाईर काडनार का तुमी?"

"पाणी घरात आलं तर काढावाच लागेल."

"आन् मग आमुशाला निघाल्यालं माणूस परत कसं येतंय?" त्या नवऱ्याकडं वळल्या. "आवं, सांगा की सरांना. पस्तान ठिवायला लावा."

समोरच्यांनी पेपरच्या आडून सांगितलं, "ठिवा सर. उगी कटकट नको."

पस्तान म्हणजे प्रस्थान. लहानपणी मी ते बघितलं होतं आणि विसरलोही होतो. निघायचा चांगला दिवस सोमवारचा असला आणि गाडी बुधवारची असली, तर सोमवारी मुहूर्तावर सुपारी, तांदूळ आणि एखादा कपडा बांधून शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचा. म्हणजे शास्त्राप्रमाणं माणूस सोमवारी निघाला. मग प्रत्यक्षात वाटेल तेव्हा निघा. शास्त्राला फसवायची सोय शास्त्रातच करून ठेवण्याइतके आपले लोक शहाणे होते. पण अजून न आलेल्या पुरासाठी पस्तान ठेवायची कल्पना मात्र सर्वस्वी वहिनींची.

मी पंचांग मानत नाही. वहिनींच्या म्हणण्यातली चूक मला दिसत होती आणि ती मांडायला मी तोंडही उघडलं होतं. पण माझ्या घरातली एक वस्तू दुसऱ्या कुणाच्या घरात राहणार, तिच्यावरून रोज कुणाची तरी नजर जाणार, या गोष्टीला विरोध करावासा वाटेना. वहिनींनी कॅलेंडर बघून वेळ काढली. पिशवीला हळदकुंकू लावलं, रुमालात सुपारी आणि तांदूळ बांधून आत घातले. मी पिशवी उचलून रस्ता ओलांडला आणि त्यांच्या पुढच्या खोलीत, देवाच्या फोटोखाली ठेवली. त्या सकाळी मी शास्त्राप्रमाणं घर सोडलं आणि दुपारी जेवायला परत आलो.

शिबिरातल्या मुलीनं पाणी अधूनमधून बदलायला सांगितलं होतं. मी एक दिवसाआड बदलू लागलो. संध्याकाळी पाण्याची बाटली घेऊन समोर जायचं. त्यांची धाकटी मुलगी दारातूनच आत ओरडायची, "मम्मी, सर आलेत, पाणी बदलायला!" आणि चहाचं आधण चढायचं. पाणी बदलायला फार वेळ लागत नाही. चहाला लागतो. समोरचे कापसाचं सांगत, वहिनी थोरल्या मुलीच्या सोयरिकीचं सांगत, मी बाटलीचं झाकण लावत बसे. परभणीत माझ्यापेक्षा ताजं पाणी पुरासाठी कुणी ठेवलं नसेल.

"पिशवी दाराजवळच आहे ना?" बायको फोनवर विचारायची.

"दाराजवळच आहे," मी म्हणायचो. कुणाच्या दाराजवळ ते ती विचारत नव्हती.

भाद्रपदात पाऊस लागून राहिला. सोयाबीन काढणीला आलेलं, आणि ऊन पडायचं नाव नाही. समोरचे शेतातून यायचे ते पाय धुऊन सरळ आत जायचे. अशातच सोनपेठच्या स्थळाकडून निरोप आला की या बघायला. पाऊस होता, पण दिवस चांगला होता. सगळं घर कुलूप लावून सकाळच्या एसटीनं सोनपेठला गेलं.

दुपारी जेवून बसलो होतो तर रस्त्यावर भोंग्याची रिक्षा आली. ही रिक्षा एरवी साड्यांच्या सेलची जाहिरात करते. "ओढ्याकाठच्या सखल भागातील नागरिकांनी तातडीने शाळेत स्थलांतर करावे," असं ती म्हणाली, मग जरा खरखर झाली, मग "दोन साड्यांवर एक साडी मोफत" असं अर्धवट म्हणून थांबली, आणि पुन्हा नागरिकांवर आली.

मला भीती वाटली नाही. उलट हायसं वाटलं, असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही. परीक्षेचा पेपर एकदाचा हातात आला होता. मी गॅस बंद केला, मेन स्विच पाडला, खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं, आणि पिशवी घ्यायला म्हणून रस्ता ओलांडून समोरच्या कुलपापुढं जाऊन उभा राहिलो.

बऱ्याच वेळानं फोन लागला.

"बोला सर. पोरगं बरंय. घर बी चांगलंय," समोरचे म्हणाले.

"छान. इथं स्थलांतर करायला सांगितलंय. पिशवी तुमच्या घरात आहे."

"आरारा." मग मागं जरा बोलणं झालं. "सर, ही म्हणती, खिडकीतनं दिसायली का बघा."

मी खिडकीला डोळे लावले. "दिसते आहे."

"भिजली न्हाई ना?"

"नाही."

"मग झालं की! सेफ हाय पिशवी. तुमी फिकर करू नका. तुमी जावा."

मी गेलो. हातात छत्री होती.

शाळेच्या शिपायानं वर्ग उघडून दिला. पहिलीचा वर्ग होता. बाक इतके बुटके की गुडघे छातीशी आले. भिंतीवर एकेका अक्षराची चित्रं होती. ती मी सगळी वाचली.

"बाकीचे?" शिपायानं विचारलं.

"येतील."

कुणी आलं नाही. नंतर कळलं की कॉलनीतले लोक गच्चीवर गेले, ओढा बघितला, आपसात चर्चा केली आणि भजी तळायला घेतली. निघायला सांगितल्यावर निघणारा नागरिक मी एकटाच निघालो. अख्ख्या कॉलनीच्या बेतानं शिजवलेलं खिचडीचं पातेलं आलं, ते माझ्यासमोर ठेवण्यात आलं. पातेल्यामागून पाहणी करायला काही माणसं आली, त्यांच्याबरोबर फोटो काढणारा होता. त्यानं मला विचारलं, "काका, बाकीची मंडळी कुठंयत?"

"मीच."

त्यानं कोन बदलून बघितला, खाली वाकून बघितलं, मला बाकाच्या मधोमध बसायला सांगितलं. "जरा पसरून बसा काका." मी जमेल तेवढा पसरलो. मंडळी माझ्या मागं उभी राहिली, फोटो झाला, मंडळी गेली. शिपायानं माझ्याबरोबर थोडी खिचडी खाल्ली. मग त्याचं घर खालच्या गल्लीत असल्यामुळं तो पाणी बघायला गेला. अंधार पडल्यावर परत आला आणि मला बघून दचकला.

"सर, तुमी अजून हितंच? पानी तर कवाच उतरलं."

फोटो दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलं होतं, 'नागरिकांचे सुरक्षित स्थळी स्थलांतर, भोजनाची उत्तम व्यवस्था.' त्यावर बरेच जोडलेले हात आले. बायको ग्रुप सोडायची राहून गेली होती. तिचा हात आला नाही. त्या आठवड्यातच ती स्वतः आली.

मी रिक्षानं तिला स्टेशनवरून आणलं. हात-पाय धुतल्यावर तिनं पहिल्यांदा पिशवी मागितली. मग सगळं सांगावं लागलं. वहिनींनी पिशवी आणून दिली आणि वर म्हणाल्या, "काकू, कपड्याचा धागा बी भिजला न्हाई बगा."

बायकोनं पिशवी पलंगावर रिकामी केली. पातळ चादर, तेल, शिट्टी. रुमालातले तांदूळ तिनं बाजूला ठेवले. मग औषधांची थैली उघडली.

"या गोळ्या कसल्या?"

"ब्लडप्रेशरच्या."

"तुम्हाला कधीपासून?"

"मला नाही. औषधं घ्यायला सांगितलं होतं. मला रोजचं काहीच नाही. डब्यात होत्या त्या घातल्या."

"या माझ्या आहेत. डॉक्टरांनी केव्हाच बदलल्या." तिनं पाकीट उजेडाकडं धरलं. "मुदत संपलीये."

"हो."

"आणि पेले दोन?"

"एकात एक बसत होते. जागा तेवढीच लागते."

तिनं दोन्ही पेले एकात एक घालून बघितले. बसत होते. मग ती चहा करायला उठली. मी पुढच्या खोलीत तिचा आवाज ऐकत होतो. झाकण काढल्याचा, लावल्याचा, दुसरं काढल्याचा. शेवटी ती दारात आली.

"चहापत्तीचा डबा कुठं असतो?"

मी जागा सांगितली. साखरही विचारली, तीही सांगितली. गाळणं तिला सापडलं. ती पाहुण्यासारखी चौकशी करत होती आणि त्यात तिची काही चूक नव्हती. एकट्यानं राहताना माझ्या हाताला येतील तसे डबे मीच हलवत गेलो होतो. चहा होईस्तोवर पुण्याहून दोन फोन आले. पोराचा एक मोजा सापडत नव्हता. "कपाटाच्या खालच्या कप्प्यात, डावीकडं, टोपीच्या मागं," ती परभणीतून म्हणाली, आणि मोजा तिथं होता.

घर राहिलं तर ती परत येईल, असं मी धरून चाललो होतो. ती घरात होती, आणि डबे विचारत होती.

चहा पिताना ती म्हणाली, "पाणी उतरलं होतं म्हणे. मग शाळेत कशाला बसून राहिलात?"

"निघायचं कधी ते सांगितलं होतं. परत कधी यायचं ते कुणी सांगितलं नव्हतं."

ती हसली. मग हसणं गेलं. "खरं सांगू का? पिशवी बघून मी मुलीला म्हणणार होते, राहू दे घर. नीट भरली होती तुम्ही. पण मग तो फोटो आला."

"त्यात काय? जेवतो आहे मी."

"मागं माणसं आहेत. समोर कुणी नाही."

"तसा तर मी रोजच जेवतो."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली.

मी पुष्कळ बोलू शकलो असतो. दोन्ही बाजूंची भाषणं लिहायची मला सवय आहे, आणि माझ्या बाजूचं तर तयारच होतं. पण ते सगळं ज्या एका गोष्टीवर उभं होतं ती गोष्ट आता समोर बसून बशीत चहा ओतत होती. मी बरं म्हणालो. दसऱ्याची वाट बघायची गरज उरली नाही. मुलीनं गिऱ्हाइकाला फोन केला.

गाव सोडणं ही गंभीर गोष्ट आहे आणि मी ती गांभीर्यानंच केली. पेपरवाल्याला पेपर बंद करायला सांगितला. समोरच्यांनी तो आपल्या दारात टाकायला सांगितला. दूधवाल्याला सांगितलं. पुस्तकं ज्यांना नको होती त्यांनाही दिली. कॉलनीतले लोक भेटायला आले, कुणी शाल आणली, कुणी हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. गच्चीवर जाऊन मी ओढ्याकडं बघितलं, प्रत्येक खोलीत जाऊन दिवा लावून परत बंद केला, आणि आता या भिंतींना आपण पुन्हा कधी हात लावणार नाही हे मनाशी नीट उच्चारलं.

मुलीनं दोघांचं रेल्वेचं तिकीट एकदमच काढलं. बायकोचं कन्फर्म झालं. माझं वेटिंगवर आहे.